कच्चा लिंबू की पूर्ण गडी?

दरवर्षी ३ डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला की जिल्ह्याजिल्ह्यांत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या क्रीडा स्पर्धा भरतात. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीचे प्रकार साधारण ठरलेले असतात: पंचवीस मीटर चालणे, पन्नास मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, सॉफ्टबॉल फेक. मुले जीव तोडून धावतात, आईवडील आणि विशेष शिक्षक टाळ्या वाजवतात, पाहुणे प्रमाणपत्रे देतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. या सगळ्यात सहसा न दिसणारा माणूस एकच, तो म्हणजे पलीकडच्या हायस्कुलात शिकणारा त्याच वयाचा विद्यार्थी. आलाच तर तो स्वयंसेवक म्हणून येतो, पाण्याचे ग्लास फिरवतो, सतरंज्या उचलतो. खेळाडू म्हणून मात्र तो त्या मैदानावर उतरत नाही.

बौद्धिक दिव्यांग मुलांना खेळ कसा शिकवावा, याबद्दल आपल्याकडे बरेच काम झाले आहे. त्यांच्याबरोबर खेळावे कसे, हे बाकीच्या मुलांना कोण शिकवते, हा प्रश्न मागे राहिला आहे. कायदा, अभ्यासक्रम, जगातले प्रयोग आणि संशोधन या प्रश्नाबद्दल काय सांगतात आणि रत्नागिरीसारख्या वाड्यावस्त्यांच्या जिल्ह्यात त्यातले काय लागू पडते, याचा हा आढावा.

पहिला धडा गैरसमजाचा

रत्नागिरीचे नाव महाराष्ट्रात हापूससाठी घेतले जाते, तसे मनोरुग्णालयासाठीही. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेले हे इस्पितळ इतके परिचयाचे आहे की ‘याला रत्नागिरीला पाठवा’ ही थट्टा राज्यभर चालते. त्या थट्टेत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. मनोविकार हा आजार आहे. तो कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. बौद्धिक दिव्यांगत्व हा आजार नाही. वाढीच्या वयातच दिसणारी ती एक मर्यादा आहे, आकलन, तर्क, नवे शिकणे यांतली आणि रोजचे व्यवहार सांभाळण्यातलीही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जी २१ दिव्यांगत्वे मानली, त्यांत या दोन्हींची नोंद वेगवेगळी आहे. शाळेतल्या मुलांना पहिल्या तासाला एवढे सांगितले तरी निम्मी भीती जाते, कारण ‘तो अंगावर येईल का?’ ही शंका बहुधा याच सरमिसळीतून आलेली असते.

शहरात या मुलांसाठी काम करणारी जुनी संस्था आहे ‘आविष्कार’. तिची सविता कामत विद्यामंदिर ही शाळा आणि मोठ्या वयाच्या मुलामुलींसाठीची शामराव भिडे कार्यशाळा रत्नागिरीकरांना माहीत आहेत. अशा संस्थांनी घरात बसवून ठेवलेल्या मुलांना बाहेर आणले. पण बाहेर आल्यावर ती मुले ज्यांना भेटणार, त्यांची तयारी करून घेण्याचे काम एकट्या विशेष शाळेचे नाही.

साहित्यातही हीच पोकळी आहे. जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ हे नाटक किंवा २०१७चा ‘कच्चा लिंबू’ हा चित्रपट, दोन्हींच्या केंद्रस्थानी आईबापांची घुसमट आहे. ते स्वाभाविकही आहे. पण त्या घरांच्या दारावर ‘येतोस का खेळायला?’ म्हणून हाक मारणारा समवयस्क आपल्या कल्पनेतही फारसा येत नाही.

जगाने काढलेल्या दोन वाटा

बौद्धिक दिव्यांगांच्या क्रीडाक्षेत्राला आज दोन मोठ्या वाटा आहेत. पहिली स्पेशल ऑलिंपिक्सची. अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांची बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२मध्ये मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केले. त्यांची थोरली बहीण रोझमेरी हिला बौद्धिक दिव्यांगत्व होते. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिली स्पर्धा झाली आणि अमेरिका व कॅनडातले सुमारे हजार खेळाडू तिथे उतरले. भारतात हे काम ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ पाहते. २००१मध्ये तिची नोंदणी झाली आणि २००६मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने तिला राष्ट्रीय क्रीडा महासंघाची मान्यता दिली. २०२३च्या बर्लिन स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी २०२ पदके आणली, तर मार्च २०२५मध्ये तुरिनच्या हिवाळी स्पर्धेत ३३.

या आकड्यांकडे पाहताना तिथली पद्धत ठाऊक हवी. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये मुले-मुली, वय आणि क्षमता पाहून गट पाडतात. चाचणी फेरीतल्या वेळेनुसार तीन ते आठ जणांचा गट होतो आणि गटातल्या सर्वांत वेगवान व सर्वांत सावकाश खेळाडूत साधारण १५ टक्क्यांहून जास्त तफावत नसावी, असा दंडक आहे. सोपा गट मिळावा म्हणून चाचणीत मुद्दाम हळू धावले आणि अंतिम फेरीत उसळी मारली, तर खेळाडू बाद होऊ शकतो. म्हणजे चुरस खरी असते, फक्त ती तुल्यबळांत लावलेली असते. स्पर्धेसाठी किमान वय आठ, वरची मर्यादा नाही. ही गटवारी शाळेतल्या मुलांना नीट समजावली, तर ‘सगळ्यांनाच पदक देतात’ हा शेरा बंद होतो.

दुसरी वाट पॅरालिंपिकची. इथे जगातला सर्वोत्तम कोण, एवढाच प्रश्न. ही वाट एकदा बंदही झाली होती. २००० साली सिडनीत स्पेनच्या संघाने बौद्धिक दिव्यांग गटात बास्केटबॉलचे सुवर्ण जिंकले आणि पाठोपाठ उघड झाले की, बारापैकी दहा खेळाडूंना कोणतेही दिव्यांगत्व नव्हते. संघातच घुसलेल्या एका पत्रकाराने हे बाहेर काढले. शिक्षा मात्र जगभरच्या खऱ्या खेळाडूंना झाली. हा गट पॅरालिंपिकमधून काढला गेला आणि पात्रतेच्या नव्या कसोट्या ठरल्यावर २०१२मध्ये लंडनला फक्त ॲथलेटिक्स, जलतरण व टेबल टेनिसपुरता परतला. खेळातल्या प्रामाणिकपणावर वर्गात चर्चा घडवायची, तर याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

त्याच वाटेवरून सप्टेंबर २०२४मध्ये तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यातील कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी पॅरिसला टी-२०, म्हणजे बौद्धिक दिव्यांग गटाच्या, ४०० मीटर शर्यतीत ५५.८२ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक घेऊन आली. त्याआधी मे महिन्यात कोबेच्या जागतिक स्पर्धेत तिने ५५.०७ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. लहानपणी गावाने तिला चिडवले, घरच्यांना टोमणे ऐकावे लागले, हे तिच्या पदकानंतर देशभर छापून आले. पण दीप्तीची गोष्ट सांगून शिक्षकाने थांबू नये. पदक मिळाले म्हणून आदर, हा धडा अर्धाच आहे. ज्याला कधीच पदक मिळणार नाही, त्याचाही संघात हक्क असतो. अवघड भाग तोच आहे.

तिसरी वाट: एकाच संघात

तो भाग जिथे प्रत्यक्षात आला, ती वाट ‘युनिफाइड स्पोर्ट्स’ म्हणजे मिश्र संघांची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्पेशल ऑलिंपिक्सने ती आखली. एका संघात बौद्धिक दिव्यांग खेळाडू आणि दिव्यांगत्व नसलेले जोडीदार एकत्र खेळतात. बास्केटबॉलच्या पाच जणांत तीन खेळाडू आणि दोन जोडीदार, सात जणांच्या फुटबॉलमध्ये चार आणि तीन, व्हॉलीबॉलमध्ये तीन आणि तीन. दोघांचे वय व कौशल्य जवळपासचे असावे, अशी अपेक्षा असते. जोडीदाराने चेंडू स्वतःकडेच ठेवून सामना जिंकून देऊ नये आणि कोपऱ्यात उभे राहून नुसते प्रोत्साहनही देऊ नये. प्रत्येक गड्याच्या खेळण्याने निकालावर फरक पडला पाहिजे, हा या खेळाचा गाभा आहे.

मराठी मुलांना हे समजावायला परदेशी शब्द लागत नाहीत. आपल्या अंगणात लहान भावंडाला खेळात घेतात ते ‘कच्चा लिंबू’ म्हणून. तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बाद झाला तरी कुणी मोजत नाही. चार वर्षांच्या पोरासाठी ही सोय गोड आहे. चौदा वर्षांच्या बौद्धिक दिव्यांग मुलाला आयुष्यभर कच्चा लिंबू ठेवले, तर ती सोय उरत नाही, तो अपमान होतो. आपण खेळात आहोत पण हिशेबात नाही, हे त्याला कळते. युनिफाइड स्पोर्ट्सचे सारे नियम कच्च्या लिंबाला पूर्ण गडी करण्यासाठी आहेत.

कायदा आणि क्रमिक पुस्तक

कागदावर आपण मागे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारताने २००७मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या ३०व्या कलमात दिव्यांग मुलांना शाळेतल्या खेळांत इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. १९ एप्रिल २०१७पासून लागू झालेल्या आपल्या २०१६च्या कायद्याचे कलम ३० खेळाच्या सोयींबद्दल आहे. कलम ३९ जनजागृतीचे आहे आणि त्यात शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर दिव्यांगत्वाची ओळख करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. म्हणजे इतर विद्यार्थ्यांना शिकवणे ही कुणाची कृपा राहिलेली नाही.

अभ्यासक्रमात हा विषय सर्वांत स्पष्ट दिसतो तो सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या शारीरिक शिक्षणात. विशेष गरजा असलेल्या मुलांचे खेळ असे स्वतंत्र प्रकरण तिथे आहे. स्पेशल ऑलिंपिक्स, पॅरालिंपिक, डेफलिंपिक्स, गटवारीची पद्धत, खेळातील समावेशाची गरज, सगळे त्यात येते. पण तो विषय ऐच्छिक आहे, उशिरा येतो आणि मुख्यतः लेखी गुणांसाठी वाचला जातो. आपल्या गावांतली बहुसंख्य मुले राज्य मंडळाच्या मराठी शाळांत शिकतात. तिथे शारीरिक शिक्षणाची श्रेणी मिळते आणि दहावी जवळ आली की त्या तासाला गणित सुरू होते.

जिल्हा परिषदेच्या शाळांत अडचण आणखी खाली आहे. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला, पण तो पटसंख्या शंभराहून जास्त असेल तर. कोकणातल्या वाडीवरच्या शाळेचा पट किती असतो, हे वेगळे सांगायला नको. तिथे भाषा शिकवणारे गुरुजीच लंगडीचे पंच असतात. त्यामुळे इथे जे काही करायचे, ते प्रशिक्षित क्रीडाशिक्षक नाही, हे धरूनच आखावे लागेल.

संशोधन काय सांगते

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये पूर्वग्रहांवर लिहिताना एक सूत्र मांडले होते. दोन गटांची नुसती गाठ घालून दिल्याने मने जुळत नाहीत. त्यासाठी चार गोष्टी लागतात: भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, ते गाठायला एकमेकांची गरज पडली पाहिजे आणि वरिष्ठांचा त्याला खुला पाठिंबा हवा. या कसोटीवर आपले नेहमीचे उपक्रम लावून पाहावेत. विशेष शाळेला भेट देऊन खाऊ वाटणे, यात दर्जा समान नाही. प्रभातफेरीत एकमेकांची गरज नाही. भाषणात भेटच नाही. एका संघातून खेळताना मात्र चारही अटी पुऱ्या होऊ शकतात.

गॅरी सिपरस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. अभ्यासेतर तासांना असा विद्यार्थी असायला बऱ्याच मुलांची हरकत नव्हती, पण शाळेबाहेर त्याच्याशी मैत्री ठेवायला फार थोडी तयार होती. एका छताखाली बसवले म्हणजे समावेश झाला, या समजाला हा धक्का होता. २०१३मध्ये रॉय मॅकॉन्की आणि सहकाऱ्यांनी जर्मनी, हंगेरी, पोलंड, सर्बिया आणि युक्रेनमधल्या मिश्र संघांचा अभ्यास मांडला. बदल दोन्ही बाजूंना झालेला दिसला. खेळाडूंचा आत्मविश्वास वाढला, जोडीदारांची दृष्टी बदलली आणि काही मैत्र्या मैदानाबाहेरही टिकल्या.

डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा चाकाच्या खुर्चीत बसवून ‘दिव्यांगत्वाचा अनुभव’ देण्याचे खेळ शाळांत लोकप्रिय आहेत. त्यांवर मिशेल नॅरिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये केलेल्या अभ्यासात उलटाच परिणाम आढळला. सहभागी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना असहायता जाणवली, सहानुभूती वाढली, पण दिव्यांगांशी मिसळण्याची तयारी वाढली नाही. बौद्धिक दिव्यांगत्वाचे तर असे सोंग आणताच येत नाही. आणले तर ती नक्कल होते, म्हणजे ज्या चिडवण्याला आळा घालायचा, त्याचीच तालीम.

टीकाही ऐकायला हवी

स्पेशल ऑलिंपिक्सवर आतूनबाहेरून टीका झाली आहे. कीथ स्टोरी यांनी २००४मध्ये मांडलेला आक्षेप असा: वेगळे मैदान, वेगळी पदके, शर्यतीच्या शेवटी गळ्यात पडायला उभे असलेले स्वयंसेवक, हे सारे ‘बिच्चारी मुले’ हीच प्रतिमा पक्की करते. या आक्षेपात तथ्य आहे. सतरा वर्षांच्या दाढीमिशा फुटलेल्या मुलाला ‘बाळा, छान हं’ म्हणणारे पाहुणे आपण पाहिलेले आहेत. पण वेगळ्या स्पर्धा बंद करा, हा त्यावरचा उपाय नव्हे. ज्याला गर्दीचा, शिट्टीचा त्रास होतो, ज्याला आधाराशिवाय उभे राहता येत नाही, त्याचे पहिले मैदान विशेष शाळेतच तयार होते. वेगळी स्पर्धा हा जिना मानावा, मुक्काम मानू नये.

दुसरी टीका चित्रपटी कथांवर करता येईल. २०१८चा स्पॅनिश ‘कॅम्पिओनेस’ आणि त्यावरून आलेला २०२५चा ‘सितारे जमीन पर’ यांनी बौद्धिक दिव्यांगांचा बास्केटबॉल संघ घराघरांत नेला, हे चांगलेच झाले. पण अशा कथांत बदलतो तो प्रशिक्षक, आणि संघ त्याच्या सुधारणेचे निमित्त ठरतो. आपल्या शाळांनीही ‘आमच्या मुलांना संवेदनशीलता यावी म्हणून’ एवढ्याच हेतूने विशेष शाळेशी जोडून घेतले, तर दिव्यांग मुले पुन्हा शैक्षणिक साहित्यच होतील. त्यांनाही जिंकायचे असते. हरल्यावर त्यांनाही राग येतो.

वाड्यावस्त्यांचे मैदान

आता रत्नागिरीकडे येऊ. जिल्ह्यात नऊ तालुके. मंडणगडहून रत्नागिरी शहर रस्त्याने दीडशे किलोमीटरहून लांब. विशेष शाळा शहरांत आहेत आणि बौद्धिक दिव्यांग मूल एखाद्या वाडीत, डोंगर उतरून गेल्यावर. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून फिरते विशेष शिक्षक जातात, काही मुलांना घरी शिकवतात, पण खेळ घरी एकट्याने शिकता येत नाही. अशा मुलाला गडी मिळणार तो वाडीतल्या शाळेतूनच. म्हणून मोठ्या शहरात जी गोष्ट जोडउपक्रम ठरेल, ती इथे मूळ उपाय आहे. वाडीतली पंधरा मुले तयार झाली नाहीत, तर त्या सोळाव्या मुलाला खेळच नाही.

लहान पटाचा एक फायदाही आहे. पंधरा मुलांच्या शाळेत संघ करायला प्रत्येक जण लागतो. मोठ्या शाळेत अकराजणांची निवड होते आणि चारशे जण बाहेर बसतात. इथे कुणाला बाहेर बसवणे परवडतच नाही.

खेळही हाताशी आहेत. लगोरीत एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने रचायचे. ज्याला पळणे जमत नाही, तो रचण्यात तरबेज होऊ शकतो. लंगडी तोल सांभाळायला अवघड जाते, तिथे दोन्ही पायांनी उड्या मारण्याची मुभा त्या गड्याला द्यावी आणि त्याने बाद केलेला गडी पूर्ण बाद धरावा. खो-खोत खांबाजवळची जागा आणि एकच दिशा ठरवून दिली की गोंधळ कमी होतो. पावसाळ्याचे चार महिने मैदान चिखलात असते, तेव्हा कॅरम आहेच. मिश्र जोड्यांचा कॅरम सामना कुठल्याही वर्गखोलीत होतो. स्पेशल ऑलिंपिक्समधला बोची हा खेळही सोपा आहे. लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू घरंगळत न्यायचे. सपाट केलेले अंगण त्याला पुरते.

जोडीदार मुलांना शिकवायच्या गोष्टीही मोजक्याच आहेत. एका वेळी एकच सूचना द्यावी. सांगण्याआधी करून दाखवावे. उत्तराला वेळ द्यावा, वाक्य आपण पुरे करू नये. त्याच्या वयाला साजेसे बोलावे. चुकले तर सांगावे, खोटे जिंकवू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे मणके नाजूक असतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी किंवा डोक्यावर भार येणारा खेळ नको. फिट आली तर कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू हलवाव्यात, तोंडात काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर दवाखान्यात न्यावे. चौथीतल्या मुलालाही हे कळते आणि कळल्यावर त्याची भीती जाते.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो. बौद्धिक दिव्यांग मुलीला मैदानावर पाठवायला पालक कचरतात आणि त्यांची काळजी अनाठायी नसते. शिक्षिकेची उपस्थिती, ठरलेली मैत्रीण, जाण्यायेण्याची सोय आणि नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणण्याचे शिक्षण, एवढे झाल्याखेरीज ‘मुली येत नाहीत’ अशी तक्रार करू नये.

मग करायचे काय?

या आढाव्यातून निष्कर्ष एकच निघतो. समावेश हा सांगून शिकवण्याचा विषय नाही, नियम बदलून एकत्र खेळण्याचा आहे. त्या खेळाचा निकाल लागला पाहिजे, नाहीतर त्यातून कुणीच काही शिकत नाही.

त्यासाठी नवी योजना, नवा निधी यांची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्हा परिषद शाळांच्या हिवाळी क्रीडा स्पर्धा केंद्रापासून, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटापासून, जिल्ह्यापर्यंत दरवर्षी होतात. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत एकच प्रकार वाढवावा: चार बाय पन्नास मीटर मिश्र रिले, दोन बौद्धिक दिव्यांग धावपटू आणि दोन जोडीदार. ज्या केंद्रात विशेष शाळा आहे, तिथे ती आणि शेजारची शाळा मिळून संघ होईल. जिथे नाही, तिथे घरी बसलेल्या मुलांची नावे फिरत्या विशेष शिक्षकांकडे आहेतच. दोन-तीन शाळा मिळून एक संघ झाला तरी चालेल. गुण मात्र इतर शर्यतींइतकेच द्यावेत आणि ते शाळेच्या एकूण गुणांत धरावेत. ढालीसाठी हे गुण मोजले जाणार म्हटल्यावर संघनायक स्वतःच त्या मुलाच्या दारात जाऊन उभा राहील आणि सरावाला चल म्हणेल. गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक यांनी येत्या हंगामाच्या पत्रिकेत ही एक ओळ घालावी, एवढीच विनंती आहे.